पुन्हा पहिल्यापासून

आमच्या शाळेचा बँड कधी स्पर्धेला गेला नाही. कटलिप सरांनी तो सत्तावीस वर्षं चालवला आणि तेवढ्या वर्षांत एकदाही आम्हाला परीक्षकांपुढे उभं केलं नाही. डोंगरापलीकडच्या शाळेतली मुलं शरद ऋतूत दर शनिवारी बस भरून कुठे कुठे जायची आणि चषक घेऊन यायची. आम्ही शुक्रवारच्या फुटबॉल सामन्यात मध्यंतराला वाजवत मैदानावर चालायचो, मे महिन्यात सैनिकांच्या स्मृतिदिनाला दफनभूमीत वाजवायचो, जुलैत अग्निशमन दलाच्या मिरवणुकीत. गावच्या कोळशाच्या खाणीतला कोणी म्हातारा गेला आणि घरच्यांनी सांगितलं, तर त्याच्या दफनालाही जायचो. सव्वीस मुलं होतो आम्ही. सर म्हणायचे, गुण मिळवण्यासाठी वाजवणारा माणूस समोरच्या लोकांकडे बघत नाही.

पलीकडच्या शाळेच्या पोरी आम्हाला चिडवायच्या, "तुम्हाला मिळतं तरी काय गं या बँडमधून?"

कोरी लिली त्यांना सांगायची, "शनिवारी दुपारपर्यंत झोपायला मिळतं."

कोरी माझी पहिलीपासूनची मैत्रीण. छातीवर पट्ट्यांनी अडकवायचा मोठा ढोल, बास ड्रम, तिच्याकडे होता. तिच्या ठोक्यावर सगळ्यांचे पाय पडत. मी क्लॅरिनेट वाजवायचे, पण माझा डोळा होता ड्रम मेजर होण्यावर. ड्रम मेजर म्हणजे बँडच्या पुढे शिट्टी घेऊन चालणारी. तिच्या हाताकडे बघून सगळे सुरू होतात आणि थांबतात. तिला पांढरे बूट असतात. त्या बुटांसाठी मी काय काय केलं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी अकरावीत असताना, १९९६ च्या वसंतात, सर चुकायला लागले. एकदा संपवलेली धून त्यांनी लगेच पुन्हा सुरू केली. मला ते 'नोला' म्हणाले. नोला माझ्या आईचं नाव. तिलाही त्यांनीच शिकवलं होतं. आम्ही हसलो, तेही हसले. मग स्मृतिदिनाला दफनभूमीत त्यांनी दोन्ही हात वर केले आणि ते तसेच उभे राहिले. सगळं गाव समोर, म्हाताऱ्या सैनिकांनी टोप्या काढलेल्या, आणि सरांचे हात खाली येईनात. मी पहिल्या रांगेत होते. मी मान हलवून खूण केली, कोरीने एक ठोका दिला आणि आम्ही सुरू झालो. संपल्यावर सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "आता कुठलं आहे गं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "अर्थात," आणि जागेवर गेले.

परीक्षक असते तर कोणीतरी कागदावर काहीतरी लिहिलं असतं. आमच्यासमोर आमचेच आईबाप होते. त्यांना आम्ही नेहमीसारखेच चांगले वाटलो.

जूनमध्ये सरांनी मला ड्रम मेजर केलं. चार दिवसांनी मिसेस कटलिप आमच्या घरी आल्या. हातात ब्लॅकबेरीच्या मुरांब्याच्या दोन बरण्या. आई कामावर होती. त्या स्वयंपाकघरात बसल्या आणि बराच वेळ बरणीच्या झाकणावरून बोट फिरवत राहिल्या.

"तुझ्या लक्षात आलंय ना, डेलिया?"

मी हो म्हटलं.

"डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाणार. पण हळूहळू. घरी बसवलं ना, तर महिनाभरात संपेल तो माणूस. सकाळी उठतो तो तुमच्यासाठी उठतो."

"मग मी काय करू?"

"एवढं एक वर्ष. तू त्यांच्याजवळ उभी असतेस. विसरले तर आठवण करून दे. कोणाला कळू देऊ नकोस." मग म्हणाल्या, "ते गेले की बँडही गेला, माहितीये ना? मुख्याध्यापकांनी मला तोंडावर सांगितलंय, नवा माणूस घेणार नाहीत."

सतरा वर्षांच्या मुलीच्या घरी येऊन मोठ्या बाईने असं मागावं, हे बरोबर नव्हतं. पण त्या रडत नव्हत्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. मी हो म्हटलं. सरांसाठी म्हटलं, आणि पांढऱ्या बुटांसाठीही म्हटलं. दोन्ही खरं आहे.

कोरीला सांगितलं तर ती भडकली. "हे आपलं काम नाहीये, डेली. त्यांच्या बायकोचं आहे, शाळेचं आहे."

"शाळेला कळलं तर बँड बंद होईल."

"मग होऊ दे."

"तुला काय, तू ढोल कुठेही बडवशील."

"मी ढोल कुठेही बडवत नाही," कोरी म्हणाली. "मी इथेच बडवते." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "बरं. पण काही वाईट झालं तर मी पहिली जाऊन सांगणार." मी म्हटलं, चालेल.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू होण्याआधी दोन आठवडे सराव असतो, शाळेमागच्या मैदानावर, आठ ते बारा. मी रोज सकाळी सरांच्या शर्टच्या खिशात एक कार्ड ठेवायचे. आठ वाजता हजेरी. सव्वाआठला पायांचा सराव. साडेआठला पाणी. प्रत्येक अर्ध्या तासाला पाणी. अक्षर मोठं काढायचे. सर कार्ड काढायचे, वाचायचे, घड्याळ बघायचे. पहिले पाच दिवस सगळं नीट चाललं. पाचव्या दिवशी तर त्यांनी ट्रम्पेटवाल्या पोरांना एक सूर असा समजावून सांगितला, की मला वाटलं डॉक्टरच चुकले असणार. घरी जाताना मी कोरीला म्हटलं, "बघितलंस?" ती म्हणाली, "बघितलं. छान होतं." तिलाही ते हवं होतंच.

सहावा दिवस मंगळवार होता. उन्हाने सकाळीच डोळे दुखत होते. दरीत वारा म्हणून नाही, गवत पिवळं पडलेलं, आणि मैदानाभोवतीच्या पायवाटेचं डांबर बुटांना चिकटत होतं. साडेदहाच्या सुमाराला उपमुख्याध्यापक टीटर कुंपणाशी येऊन उभे राहिले. हाताची घडी घालून. कोणाच्या तरी वडिलांनी शाळेत फोन केला होता, की सर एकच गोष्ट चारचारदा सांगतात. हे मला सकाळीच कळलं होतं.

सर लाकडी मचाणावर उभे होते, मी खाली त्यांच्यापुढे. आम्ही एक वळण बसवत होतो. रांगा मैदानाच्या टोकाला जायच्या आणि वळून एकमेकींच्या मधून परत यायच्या. पहिल्यांदा बरं झालं. सर म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून." दुसऱ्यांदा चांगलं झालं. "पुन्हा पहिल्यापासून." चौथ्यांदा मला कळलं, की त्यांना आधीची तीन वळणं आठवत नाहीयेत. 'पुन्हा' म्हणणं थांबलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे उत्साहाने म्हणत, "चला, आता वळण करून बघू."

अकराला पाणी होतं. मी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि खिशावर हात ठेवायची आमची खूण केली. त्यांनी कार्ड काढलं. वाचलं. मला हायसं वाटलं. मग त्यांनी ते घडी करून परत खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चला, आता वळण करून बघू."

टीटर कुंपणावरून बघत होते.

मी स्वतः शिट्टी वाजवून 'पाणी' म्हणू शकले असते. दोन सेकंदांचं काम. पण सरांना न विचारता ड्रम मेजरने सुट्टी दिली, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं, आणि ते झालं असतं तर टीटरना जे बघायचं होतं ते दिसलं असतं. मी मनाशी म्हटलं, टीटर आता जातील. एक फेरी, मग जातील. मी शिट्टी वाजवली आणि हात वर केला.

ते गेले नाहीत. सहावी फेरी झाली, सातवी झाली. बासरीवाली एक लहान मुलगी रडायला लागली होती, चालता चालता, आवाज न करता. आठव्या फेरीला कोरी माझ्यासमोरून गेली. तिचा चेहरा लाल असायला हवा होता, तो पांढरा होता, आणि कोरडा. घाम नव्हता. तिने माझ्याकडे बघून ओठ हलवले. पाणी.

मी मान हलवली. नाही. आणि एक बोट वर केलं. अजून एकदा.

ती तशीच पुढे गेली. टोकाला पोचली, वळली, आणि परत येताना तिचा ठोका चुकला. कोरीचा ठोका कधी चुकत नसे. सगळ्यांचे पाय एकदम अडखळले. मग ती ढोलासकट पुढे पडली. ढोलावर पोट, हात दोन्हीकडे लोंबलेले, आणि ढोल थोडा गडगडला तशी तीही त्याच्याबरोबर कलली.

मी धावले. पट्ट्यांची बकलं मला सुटेनात. कोणीतरी पट्ट्या चाकूने कापल्या. तिचं अंग हाताला भाजत होतं. डोळे उघडे होते पण ती मला बघत नव्हती. ती काहीतरी बोलत होती, शब्द नव्हते त्यात. टीटर कुंपणावरून उडी मारून आले, आणि हे मी त्यांच्या बाजूने सांगते, की त्यांनीच तिला उचलून सावलीत नेलं, शाळेच्या स्वयंपाकघराचं कुलूप फोडून बर्फ आणला. रुग्णवाहिका यायला बावीस मिनिटं लागली. तोवर तिला झटके यायला लागले होते.

सर मचाणावरून खाली आले. त्यांनी गर्दीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "कोण पडलं गं?"

"कोरी, सर."

"अरेरे," ते म्हणाले. खरंच कळवळून म्हणाले. रुग्णवाहिका गेली. मुलं गवतावर बसली होती, कोणी ओकत होतं. सर माझ्याजवळ आले. "सगळे असे का बसलेत? कोण पडलं?"

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा टीटर शेजारी उभे होते. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  सरांचा दंड धरून त्यांना हळूहळू गाडीपर्यंत घेऊन गेले.

कोरीला चार्ल्सटन शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती. किडन्या बंद पडल्या होत्या, त्या परत चालू झाल्या. डोकं किती वाचलं ते नंतर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. मी दर दिवशी तिच्या घरी फोन करायचे. तिची आई उचलायची आणि म्हणायची, "आहे तसंच आहे, बाळा." ती मला बाळा म्हणायची, आणि मला ते ऐकवत नसे. जेवण जात नव्हतं. अंथरुणात पडलं की तेच दिसायचं, कोरीचे ओठ आणि माझं वर केलेलं बोट. मी आईला काही सांगितलं नाही. कोणालाच नाही.

सप्टेंबरमध्ये शिक्षण मंडळाची चौकशी बसली, शाळेच्या ग्रंथालयात. लांब टेबलामागे मंडळाचे तिघे आणि त्यांचा वकील. सर सूट घालून आले होते, शेजारी मिसेस कटलिप. मी आत गेले तसे सर हसले आणि बायकोला म्हणाले, "ही माझी ड्रम मेजर." दुसऱ्या बाजूला कोरीचे वडील, डेन्व्हर लिली. रात्रपाळी करून खाणीतून थेट आले होते. चेहरा धुतलेला, मानेवर कोळसा तसाच.

वकील मऊ आवाजाचा माणूस होता. त्याने विचारलं, "त्या दिवशी पाणी मैदानावर होतं का?"

"होतं."

"पाणी पिऊ नका, असं कोणी म्हणालं का?"

"नाही." तसं कोणी म्हणालं नव्हतं.

"कॉरीन लिली सकाळी काही खाऊन आली होती का, तुला माहीत आहे?"

"नाही. तिला उशीर झाला होता."

त्याने ते लिहून घेतलं. "तिने बरं वाटत नाही, असं कोणाला सांगितलं का?"

मी म्हटलं, "सरांना नाही सांगितलं."

तेही लिहिलं. मंडळातली एक बाई म्हणाली की फारच दुःखद आहे, पण मुलांनीही स्वतःची काळजी घ्यायला हवी, रिकाम्या पोटी उन्हात यायचं म्हणजे काय. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

डेन्व्हर लिली उभे राहिले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "म्हणजे चूक माझ्या पोरीची."

"असं कोणी म्हणत नाहीये, मिस्टर लिली."

"मग कागदावर काय लिहिताय?"

 मला जायला सांगितलं. मी दारापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला, आणि मला दार उघडता येईना. तिथून वळून मी बोलायला लागले. दफनभूमीपासून सगळं सांगितलं. मुरांब्याच्या बरण्या, कार्डं, खिशावरची खूण. टीटर कुंपणाशी उभे होते म्हणून मी पाणी दिलं नाही, हे सांगितलं. कोरीने पाणी मागितलं आणि मी अजून एकदा म्हटलं, हेही. वकिलाने मला दोनदा थांबवायचा प्रयत्न केला. मंडळातल्या त्याच बाईने त्याला हाताने गप्प केलं.

सर ऐकत होते, लक्ष देऊन, मान तिरकी करून. शेवटी बायकोला म्हणाले, "बिचारी पोर. कोणाबद्दल बोलतेय ती?"

मिसेस कटलिप मला बाहेर व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, "मी तुझ्याकडे मदत मागायला आले, ही माझी चूक." त्या ओरडल्या नाहीत. सरांच्या कोटाची बटणं लावली आणि त्यांना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. डेन्व्हर लिली माझ्यासमोर क्षणभर थांबले. मला वाटलं ते मारतील, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते नुसते निघून गेले.

सरांना घरी बसवलं. बँड बंद झाला; वाद्यं डोंगरापलीकडच्या शाळेला दिली. त्या शुक्रवारी मध्यंतराला मैदान रिकामं राहिलं आणि लोक पेपरोनी सॉसेज घातलेले पाव खात बसले, असं मला सांगण्यात आलं. मी गेले नव्हते. शाळेत माझ्या कपाटावर कोणीतरी रंगाने 'चुगलखोर' लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याखाली वेगळ्या अक्षरात 'खुनी' होतं. दोघांचं एकमत नव्हतं, पण राग माझ्यावरच होता. आईने ब्रश आणून ते माझ्याबरोबर घासलं आणि घासता घासता म्हणाली, "त्या बाईला मी घरात घेतलं नसतं. तू मला का नाही सांगितलंस?" मी घासत राहिले. सर हिवाळ्यापर्यंत रोज सकाळी साडेसातला शिट्टी शोधत फिरायचे, असं त्यांची शेजारीण सांगायची. ख्रिसमसनंतर त्यांनी शोधणंही सोडलं.

कोरी ऑक्टोबरच्या शेवटी घरी आली. डावा पाय ओढत चालायची, हात थरथरायचे, आणि शब्द सापडायला तिला वेळ लागायचा. नोव्हेंबरात तिच्या आईचा फोन आला. तिने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. "माझी दुपारपाळी सुरू झालीये. मंगळवारी आणि गुरुवारी तीन ते सहा हिच्याजवळ कोणी नसतं. मला दुसरं माणूस मिळत नाहीये." या वेळी ती बाळा म्हणाली नाही.

मी जायला लागले. कोरी माझ्याशी बोलायची नाही. मी सूप गरम करायचे, ती खिडकीकडे तोंड करून प्यायची, निम्मं सांडायचं. मी पुसायला गेले तर हात झटकायची. असे तीन आठवडे. मी घरी जाताना रस्त्यात थांबून रडायचे आणि पुन्हा पुढच्या वेळी जायचे, कारण न जाणं त्याहून अशक्य होतं.

चौथ्या आठवड्यात मंगळवारी ती म्हणाली, "तू मला पाहिलंस."

"हो."

"मी पाणी म्हटलं."

"हो. मला कळलं होतं."

"मग?"

"टीटर उभे होते."

ती शब्द शोधत राहिली. मी थांबले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा किती पुढे गेला, हे मी बघत होते.

"टीटर," ती म्हणाली. "त्या... टीटरसाठी." आणि तिच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, ते मला कळलं नाही. लाळ ओघळली, तिने बाहीने पुसली. मग ती रडली, तोंड उघडं ठेवून, आणि मी तिला हात लावायची हिंमत केली नाही. समोरच्या खुर्चीत तशीच बसून राहिले. माफी मागायचे शब्द मी तीन महिने पाठ केले होते. त्यातला एकही बाहेर काढायच्या लायकीचा वाटला नाही.

सहाला तिची आई आली. मी कोट घातला. कोरी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंगळवारी येऊ नको."

"बरं."

मी दार उघडलं. ती मागून अजून बोलत होती, एकेक शब्द ओढून काढत. "मंगळवारी आता... व्यायामाची बाई येणार. गुरुवारी ये."

मी गुरुवारी गेले. ती झोपली होती. मी सूप गॅसवर ठेवलं आणि ती उठायची वाट बघत बसले.